गेल्या होळीचा राहिलेला हात

परवा नातीनं टीव्हीवर कबड्डी लावली. कबड्डी म्हणे! आम्ही हुतुतू म्हणायचो. हे गादीवर खेळतात, पायात बूट, अंगात झगमगीत बनियन, आणि एका सामन्याला पाच-सहा तरी पंच. तेही मी चालवून घेतलं. पण चढाईला आलेल्या गड्यानं एकाच्या पोटरीला चांगला पंजा लावला, परत आपल्या बाजूला गेला, आणि हा पठ्ठ्या आपला शांतपणे कंबरेवर हात ठेवून उभा! मी खुर्चीतनं ओरडलो, "अरे हात वर कर की गाढवा! लागला ना तुला?" नात हसायला लागली. म्हणाली, "आजोबा, तो कशाला सांगेल? ते बघायला पंच आहेत, कॅमेरे आहेत." माझं डोकंच फिरलं. ज्याला लागला त्यानं सांगायचं, कॅमेऱ्याला काय कळतंय, असं मी तावातावानं सुनवायला लागलो, तेवढ्यात आतनं हिचा आवाज आला. "तुम्ही नका बोलू हं!"

साठाहून जास्त वर्षं झाली त्या गोष्टीला, पण ही बाई काही विसरायला तयार नाही. मग नात मागंच लागली, काय झालं होतं सांगा म्हणून. तिला सांगितलं ते इथं लिहून ठेवतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी पनवेलला बैलगाडीची चाकं करणाऱ्या कारखान्यात सुतार होतो. कारखाना म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि आम्ही सात-आठ जण. पण चाक करावं तर पनवेलच्या सुतारानं, असं पार घाटावर म्हणायचे, आणि आम्हाला त्याची भारी मिजास होती. दुसरी मिजास हुतुतूची.

होळीनंतरच्या रविवारी तळ्याकाठी सामना असायचा. रविवारच का, तर आमचे मास्तर शनिवारी घराबाहेर पडत नसत. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी, शाळेतून निवृत्त झालेले, शनिवारी त्यांच्या घरी चूलसुद्धा पेटत नसे. आणि मास्तरांशिवाय सामना? छे! नावच काढू नका. दोन्ही बाजूंचा विश्वास फक्त त्यांच्यावर. ते मधल्या रेघेजवळ कानाला हात लावून उभे राहायचे आणि चढाईवाल्याचा दम ऐकायचे. हुतुतूतू म्हणताना मधे श्वास तुटला की त्यांना बरोब्बर कळायचं. दुसरं त्यांचं काम गुण मोजायचं. त्यासाठी दोन फडक्यांत चिंचोके असत, एक फडकं आमचं, एक समोरच्यांचं. बस्स. कोणाला हात लागला, कोणाला नाही, यात मास्तर कधी तोंड घालत नसत. ते ज्याला लागला त्यानं सांगायचं. चढाईवाला दम न तोडता मधली रेघ ओलांडून गेला की ज्याला त्याचा स्पर्श झाला असेल त्यानं हात वर करायचा आणि निमूट बाहेर बसायचं. लावणाऱ्यानं "मी याला लावला" असं बोटसुद्धा दाखवायचं नाही. तसं केलं तर गावभर छी-थू व्हायची.

सामना संपला की मास्तर चिंचोके तसेच फडक्यांत बांधून घरी न्यायचे. पुढच्या होळीला गाठी सोडायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचे, "गेल्या सालचं कोणाचं काही राहिलंय का?" सगळे एका सुरात "नाही!" म्हणायचे. मग गाठी सुटायच्या, चिंचोके एकत्र व्हायचे आणि जुना सामना संपला असं धरायचं. गाठ सुटेपर्यंत तो चालूच. मी कळायला लागल्यापासून ते पाहत होतो. त्या प्रश्नाला नाहीशिवाय दुसरं उत्तर असतं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि लोकांचं वेड म्हणाल तर! महिनाभर आधीपासून न्हाव्याच्या दुकानात दाढ्या अर्ध्या राहायच्या. अमक्याचा दम यंदा कमी पडतोय, तमक्याची पकड ढिली झालीय, ज्यांनी जन्मात लंगोट कसला नाही ते बोलायचे. सामन्याच्या दिवशी बायका तळ्याच्या पायऱ्यांवर दुपारपासूनच जागा धरून बसायच्या. त्या आरडाओरडा करत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या हिला ऐकायला हवं होतं. आसपासच्या गावांतून गाड्या यायच्या, चिंचेखाली बैल सोडायचे, भाकऱ्या तिथंच सोडायच्या. वर्गणी नाही, तिकीट नाही, बक्षीस नाही. जिंकणाऱ्याला एकच गोष्ट मिळायची. पुढच्या वर्षीचा सामना त्याच्या गावी.

म्हणूनच तो वर्षानुवर्षं पनवेललाच होत होता. आम्ही हरतच नव्हतो ना!

समोर दरवर्षी खाडीकडच्या एका गावाचा संघ असायचा. सगळे मिठागरात राबणारे, बांधावरून चालत यायला त्यांना तासभर लागायचा. त्यांचा म्होरक्या चाळिशीचा होता, काटकुळा, पोटऱ्या नुसत्या दोऱ्या. पण दम? तो हुतुतू म्हणत आत शिरला की आपल्यालाच धाप लागायची. त्याची एकच इच्छा होती, आणि ती पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यानं आपल्या गावात हुतुतूचं मैदान केलं होतं. मिठाच्या वाफ्याचा तळ जसा चिखल तुडवून, चोपून फरशीसारखा करतात, तसं अख्ख्या गावानं तुडवून केलेलं. त्यावर एकदा हा सामना व्हावा, सगळा तालुका आपल्या दारी यावा, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही त्याची टिंगल करायचो. "काय दादा, मैदान वाळलं का?" तो हसून म्हणायचा, "वालला. तुमचीच वाट बगतंय."

त्या वर्षी सामना असा रंगला की विचारू नका. नऊ-नऊ गडी. दोनदा आमचा सगळा डाव बाद झाला, दोनदा त्यांचा. दोन्ही फडक्यांत चिंचोके सारखे. शेवटच्या डावात त्यांच्याकडे तो म्होरक्या एकटा राहिला आणि आमच्याकडे मी एकटा. चढाई त्याची.

तो वाकून आत आला. मी मागं मागं सरकत शेवटच्या रेघेपाशी पोचलो. त्यानं हात टाकला तो मी चुकवला. पाय टाकला, तोही चुकवला असं वाटलं, आणि तेवढ्यात घोट्याच्या मागं चर्रकन काहीतरी ओढलं गेलं. त्याच्या अंगठ्याचं नख. धूळ एवढी उडाली होती की दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं. तो दम घुमवत परत गेला, रेघ ओलांडली, वळला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मास्तर चिंचोका हातात धरून बघत होते. सगळं तळं बघत होतं.

करायचं काय होतं? हात वर. एवढंच. पण आमचा कप्तान, भातगिरणीतला मुकादम, आवाज म्हणजे भोंगा, तो बाहेरून ओरडला, "वाचला रे वाचला! शाब्बास माझ्या वाघा!" आणि सगळ्या पनवेलनं एकच गलका केला. माझा हात जागचा हलला नाही. मी खोटं बोललो नाही, मला कोणी काही विचारलंच नव्हतं, असं मी पुढं किती दिवस स्वतःला समजावत होतो. पण खरं सांगायचं तर मी चोर होतो. सगळ्यांसमोर, भर उन्हात चोरी केली.

मास्तरांनी चिंचोका खिशात ठेवला. आता चढाई माझी. तो गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होता, एवढ्या लांब चढाईनंतर अंगात काय राहणार! मी गेलो, त्याच्या कोपराला बोटं लावली आणि पळत सुटलो. रेघ ओलांडली. वळून बघतो तो त्याचा हात वर. सरळ, ताठ, पाची बोटं उघडी. मघाशी मी काय केलं ते माहीत असूनही.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. वरून मला ती माणसं दिसत होती. सदरे खांद्यावर टाकून, बायका भाकरीची रिकामी फडकी झटकून घेऊन, सगळी बांधाच्या दिशेनं चालायला लागली होती. म्होरक्या सगळ्यांच्या मागं होता.

घरी हिनं घोट्यावरचा ओरखडा बघितला. "हे काय लागलं?"

"आरी लागली कारखान्यात."

"घोट्याच्या मागं?" सुताराची बायको ती. एक भुवई वर करून तिनं हळद दाबली, ती जरा जास्तच जोरात दाबली असं मला वाटलं.

ओरखडा चार दिवसांत गेला. माझी झोप मात्र गेली. लोक रस्त्यात पाठ थोपटायचे आणि मला त्यांच्यावरच राग यायचा. हिच्यावर चिडायचो, लाकडावर चिडायचो. एकदा तर चाकाचा चांगला तयार आरा मोडून टाकला, आणि बाकीचे सुतार आपापसात म्हणाले, हा जिंकल्यापासून फार शेफारलाय.

दिवाळी झाली आणि एक दिवस तोच कारखान्यात हजर. मिठाची गाडी घेऊन. एका चाकाची लोखंडी धाव सैल झाली होती, दुसऱ्याचे आरे खिळखिळे झाले होते. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, बरा हाय ना?" मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. तो ओंडक्यावर बसून विडी ओढत चाकाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. त्या सामन्याबद्दल चकार शब्द नाही. धाव तिथंच घट्ट करून, दुसरं चाक बदली लावून मी त्याला वाटेला लावलं आणि चार दिवसांनी त्याचं दुरुस्त केलेलं चाक पोचवायला मीच गेलो. खरं तर कोणीही गेलं असतं. पण माझे पाय तिकडंच ओढत होते.

गावात पोचलो तर घरांत कोणी नाही. सगळे मैदानावर. पावसात जमीन फुटते, भेगा पडतात, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर ते मैदान नव्यानं तुडवायचे. बाया-बापे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका रांगेत उभे, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तालावर पाय पडतायत. पुढं काही जण वाळत आलेली जागा लाकडी चोपण्यांनी चोपत होते. दिवसभर मिठागरात राबून आलेली माणसं ही! एका म्हातारीनं मला विचारलं, "पनवेलचा काय रं तू? येनार ना औंदा आमचेकडं खेलायला?"

मी म्हटलं, "आजी, यंदाही पनवेललाच आहे."

"मंग पुढल्या साली," ती म्हणाली आणि पुन्हा पाय आपटायला लागली.

वाळलेल्या कोपऱ्यात मी उभा राहिलो, टाच दाबून बघितली. तसूभर रुतली नाही. त्यांचा सामना मी खिशात घालून फिरत होतो आणि ही माणसं पुढल्या सालासाठी चिखल तुडवत होती.

त्या रात्री जेवताना हिला सगळं सांगून टाकलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. शेवटी म्हणाली, "आरी नव्हती ते मला तेव्हाच कळलं होतं. मग करा की आता हात वर. अजून खांद्यालाच आहे ना?"

"आता? आठ महिने होऊन गेले!"

"मास्तरांनी गाठी सोडल्यात का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"नाही ना? मग सामना चालूच आहे. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना." आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी आधीच जाऊन मास्तरांना सांगू शकलो असतो. पण हात चारचौघांत राहिला होता, तो चारचौघांतच वर व्हायला हवा होता. होळीपर्यंतचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. दोनदा तर ताप आल्याचं सोंग करायचंही ठरवलं. हिनं कपाळाला हात लावून "थंडगार आहे" म्हणून बाहेर काढलं.

तो रविवार उजाडला. तळ्याकाठी तीच गर्दी, राखेच्या रेघा आखलेल्या, दोन्ही संघ समोरासमोर. मास्तर पुढं आले. त्यांची ती शेवटची होळी होती, पावसाआधी ते मुलाबाळांबरोबर बोटीनं कायमचे इस्रायलला जाणार होते, त्यामुळं सगळेच जरा हळवे झाले होते. त्यांनी दोन्ही पुरचुंड्या वर धरल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "गेल्या सालचं कोणाचं काही राहिलंय का?"

"नाही!" सगळं तळं ओरडलं.

आणि माझा हात वर गेला.

आमच्या कप्तानाला वाटलं मी पाणी मागतोय. तो म्हणाला, "आत्ताच काय रे तहान?" मास्तरांनी मात्र हातातली गाठ तशीच ठेवली. "काय राहिलंय?"

"मी बाद आहे, मास्तर."

"अजून खेळ सुरू नाही झाला."

"गेल्या सालचा. शेवटच्या चढाईत यांचं नख लागलं होतं मला. मी हात वर केला नाही."

मग कप्तानानं जे तोंड सोडलं ते लिहिण्यासारखं नाही. अक्कल गहाण टाकलीस का, आमचं नाक कापलंस, घरी बसून बांगड्या भर, हे त्यातलं सौम्य. मागून कोणीतरी गोटा भिरकावला, तो कानाजवळून गेला. पण हात मी खाली घेतला नाही. मास्तर म्हणेपर्यंत घ्यायचा नसतो.

मास्तरांनी खिशात हात घातला. एक चिंचोका काढला. तोच होता की दुसरा, देव जाणे. तो त्यांनी खाडीवाल्यांच्या फडक्यात सरकवला, आमच्या फडक्यातून शेवटचा एक काढून घेतला आणि म्हणाले, "बाद. म्हणजे गेल्या सालचा सामना यांनी जिंकला." मग इकडंतिकडं बघून, शाळेत वर्ग चुकलेल्या मुलांना बोलावं तसं म्हणाले, "मग आपण सगळे इथं काय करतोय? यंदाचा सामना यांच्या गावी. चला!"

आणि काय सांगू, माणसं उठली! आधी पायऱ्यांवरच्या बायका उठल्या, सगळ्यात पुढं आमची ही, पदर खोचून. मग गाड्या जुंपल्या, म्हाताऱ्यांना त्यांत बसवलं. कप्तान पाच मिनिटं फुरंगटून बसला आणि मग "एकदा बघू तरी यांचं ते मैदान" म्हणत तोही निघाला. ओहोटी होती, बांध कोरडा होता. दोन्हीकडं वाफ्यांत मिठाचे ढीग आणि मधून ही एवढी लांब रांग चाललेली.

म्होरक्या माझ्या शेजारून चालत होता. अर्धा बांध संपला. शेवटी मीच विचारलं, "दादा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"नख माजा. मना नाय ठावं होनार?"

"मग बोलला का नाहीत? वर्षभर एका शब्दानं नाही!"

तो थांबला. मला वाटलं आता शिवी हासडणार. तो म्हणाला, "आमी कसा बोलनार, मिस्त्री? हात तुजा." आणि पुढं चालायला लागला.

गावाच्या वेशीवरच्या घराच्या दारात ती म्हातारी उभी होती. एवढी माणसं बघून तिनं आधी घाबरून दार लावून घेतलं, आणि कळल्यावर अशी धावत आली की पडता पडता वाचली. गावातले सगळे हंडे, सगळ्या कळशा बाहेर आल्या. मैदान तसंच होतं, गुळगुळीत, एक भेग नाही. त्यावर पहिली राखेची रेघ ओढायला म्होरक्यानं मास्तरांना सांगितलं. मास्तरांची रेघ जराशी वाकडी आली, आणि कोणीही ती पुसू दिली नाही.

कप्तान मला खेळवायला तयार नव्हता. मास्तर म्हणाले, "बाद झालेला पुढल्या डावात आत येतो. गेल्या सालचा डाव संपला. ये रे आत." मी आत गेलो. आम्ही त्या दिवशी सपाटून हरलो, हेही सांगून टाकतो, आणि पुढची तीन वर्षं होळीनंतरच्या रविवारी सगळं पनवेल तो बांध तुडवत होतं. पण मला आठवते ती पहिली चढाई.

ती म्होरक्यानंच केली. तिथं पायाखाली धूळ उडत नव्हती, सगळं लख्ख दिसत होतं. तो वाकून आत आला, हुतुतूतूतू, सगळ्यांना सोडून सरळ माझ्याकडं. मी चुकवायची शिकस्त केली, हो, मुद्दाम लावून घेतलं नाही. पण त्यानं पाय टाकला आणि त्याच घोट्याला, त्याच जागी, अंगठा लागला. तो दम घुमवत परत गेला, रेघ ओलांडली.

वळून बघतो तो माझा हात वर.